डावीकडून सातवा

डावीकडून सातवा सिगार फिका होता. फार नाही, एका छटेनं. चहात चमचाभर दूध जास्त पडावं तेवढा. वरच्या थरात तेरा सिगार असतात. डावीकडे सगळ्यांत गडद, उजवीकडे सगळ्यांत फिका, आणि मधले अकरा असे लावलेले की एक रंग कुठं संपला आणि दुसरा कुठं सुरू झाला ते सांगता येऊ नये. हा मात्र सहाव्या आणि आठव्याच्या मध्ये चुकून भलत्याच घरात शिरलेल्या पाहुण्यासारखा पडून होता. एवढं दिसलं की माझं काम संपतं. कारखान्यात हे रंग माणसं लावतात, नुसत्या डोळ्यांनी लावतात, आणि त्यात चूक होत नाही. चूक दिसली की पेटी नकली. हा नियम दुकानात मीच आणला होता, आणि मला तो बाबांनी शिकवला होता. बाबांनी एकतीस वर्षं कारखान्यात तेच रंग लावायचं काम केलं. म्हणून मी झाकण लावलं, फॉर्मवर पहिल्या पेटीपुढं ‘सातवा’ असं लिहिलं, आणि मग काही कारण नसताना झाकण पुन्हा उघडून बघत बसलो. बाबा जाऊन बावीस दिवस झाले होते. कामावर परत आल्याचा माझा तो पहिलाच दिवस होता.

या बावीस दिवसांत मला काही वाटलं नव्हतं, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. दात काढताना गाल बधिर करतात, मग त्याला चिमटा घेतला तर बोटांना कळतं, गालाला कळत नाही. तसं चाललं होतं. माणसं घरी येत होती, खांद्यावर हात ठेवत होती, आणि मी त्यांना पाणी आणून देत होतो. आई तिच्या खोलीत होती. बायको मधूनमधून माझ्या तोंडाकडे बघायची, दूध उतू जाईल म्हणून गॅसपाशी उभं राहून बघतात तशी. दूध काही उतू गेलं नाही. दुकानात आलो तर तिथंही सगळे हळू आवाजात बोलायला लागले, जणू मी झोपलोय आणि माझी झोपमोड व्हायला नको. मालकांनी तर माझी खुर्चीसुद्धा स्वतः पुसून ठेवली होती. मला ते बरं वाटायला हवं होतं. मी खुर्चीवर बसलो आणि ती जरा ओलीच आहे एवढं माझ्या लक्षात आलं.

माझं काम सांगायला सोपं आहे. दरवर्षी निरनिराळे कारखाने दहाबारा सिगार ‘लिमिटेड एडिशन’ म्हणून काढतात. त्यातले निम्मे नुसत्या पट्टीपुरते लिमिटेड असतात. नेहमीचाच माल, वर सोनेरी पट्टी चढवलेली, म्हणजे लग्नात भाड्याचा कोट घातलेला माणूस. उरलेल्यांतले कुठले घ्यायचे, घेतलेल्यांतले कुठले लगेच विकायचे आणि कुठले मागच्या दमट खोलीत दहाबारा वर्षं मुरत ठेवायचे, हे मी ठरवतो. लोक विचारतात, कसं ठरवता? मी म्हणतो, जो आज गोड बोलतो त्याला ठेवू नका, तो पाच वर्षांत पोकळ होतो. जो आज घशाला टोचतो, पण ज्याच्या खाली काहीतरी दडून बसलंय असं वाटतं, तो ठेवा. बारीक सिगार ठेवू नका, जाड ठेवा. कारखान्यातून आल्यावर पहिले काही महिने तर कुठल्याच सिगारबद्दल मत देऊ नका, तेव्हा तो आजारी माणसासारखा असतो आणि त्याला अमोनियाचा वास मारतो. हे सगळं खरं आहे. आणि हे सगळं माहीत असूनही शेवटी मी अंदाजच करतो, हेही खरं आहे. दहा वर्षांनी पेटी उघडली जाईल तेव्हा मी बरोबर होतो की नाही ते कळणार, आणि तोवर पगार चालू. त्या सकाळी यंदाच्या तीन नव्या सिगारांचे नमुने टेबलावर होते. पहिला मी पेटवला, अर्ध्यापर्यंत ओढला. तोंडात गरम हवा आली आणि गरम हवा गेली. मी वहीत लिहिलं: ओलं लाकूड, किंचित मिरी, शेवटी मध. हात आपोआप लिहीत होता. ओल्या वर्तमानपत्राची सुरनळी पेटवून दिली असती तरी मी मधच लिहिला असता. मला भीतीसुद्धा वाटली नाही. वही मिटली आणि बाहेर दातांचे डॉक्टर आल्याचं मालकांनी सांगितलं.

हे डॉक्टर आमचे जुने गिऱ्हाईक. सहा वर्षांपूर्वी ते एका जुन्या लिमिटेड एडिशनच्या दोन पेट्या घेऊन आले होते. विकायच्या नव्हत्या, नुसतं ठेवण्याजोग्या आहेत का ते विचारायचं होतं. मी झाकण उघडलं, रंग चुकलेला दिसला, आणि नकली आहेत म्हणून सांगितलं. आमच्या दुकानाची एक पद्धत आहे: नकली ठरलेला माल परत द्यायचा नाही, तो बाजारात फिरत राहतो, गिऱ्हाइकाची सही घ्यायची आणि ते दुकानात असतानाच कापून टाकायचा. छापखान्यातून आणलेलं कागद कापायचं मोठं यंत्र त्यासाठी मागच्या खोलीत ठेवलेलं आहे, लांब दांड्याचं. डॉक्टरांनी तेव्हा निमूटपणे सही केली होती. त्यांच्या घरी त्याच एडिशनच्या आणखी तीन पेट्या होत्या, त्या त्यांनी तशाच कपाटात टाकून ठेवल्या. आता ते दवाखाना बंद करून मुलीकडे राहायला चालले होते, आणि त्यांची बायको म्हणत होती फेकून द्या. पण कचऱ्यात टाकल्या तर कुणीतरी उचलणार, कुणाला तरी विकणार. माझ्यामुळं कुणी फसायला नको, म्हणाले. तुम्ही कापून टाका, मी इथंच बसतो, म्हणजे माझाही जीव सुटेल. कापडी पिशवीतून तीन पेट्या काढून त्यांनी काउंटरवर ठेवल्या आणि समोरच्या खुर्चीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसले, त्यांच्याकडे येणारे पेशंट बसत असतील तसे.

म्हणजे खरं तर बघायचं काही नव्हतं. पण फॉर्मवर ‘कारण’ म्हणून एक रकाना आहे आणि तो मीच आखलेला आहे. पहिल्या पेटीत सातवा. दुसरीत चौथा आणि नववा. तिसरीत वरचा थर अगदी बरोबर निघाला. असं आधी कधी झालं नव्हतं; या एडिशनच्या आजवर अकरा पेट्या मी नकली ठरवल्या होत्या आणि अकराही वेळा चूक वरच्याच थरात सापडली होती, त्यामुळं खाली बघायची वेळ आली नव्हती. आता रकाना भरायचा तर वरचा थर उचलायला हवा होता. त्यासाठी थराखालून एक रेशमी फीत घातलेली असते. तिचं टोक पेटीच्या कडेला आत दडपलेलं असतं आणि ते नखानं उकरून काढताना निम्म्या वेळा एखाद्या सिगारचं पान फाटतं. मी नख घातलं. टोक लगेच बोटात आलं. ते दोनदा दुमडून चेपलेलं होतं, म्हणजे ज्याला हवं असेल त्याच्या बोटांना ते सापडावं.

आमच्या घरात चिकटपट्टीचं टोक कधी शोधावं लागलं नाही. बाबा कापून झाली की टोक दुमडून ठेवायचे. दोऱ्याच्या रिळाचं टोक, गोळ्यांच्या पाकिटाची फाटलेली कड, धान्याच्या पिशवीचं तोंड, सगळं दोनदा दुमडून, अंगठ्यानं चेपून. आई चिडायची की सगळ्या घराला मुरड घालून ठेवलीय या माणसानं. आधीच्या आठवड्यात मी त्यांचे शर्ट एका खोक्यात भरत होतो, तेव्हा त्यांच्या खणातून चिकटपट्टी काढली होती. टोक दुमडलेलंच होतं. मी ते उलगडलं, खोकं बंद केलं, पट्टी तोडली आणि तशीच टाकून दिली. आता पुढच्या वेळी नखानं खरवडत बसावं लागणार, एवढंच तेव्हा मनात आलं होतं. आता मी उरलेल्या दोन पेट्यांच्या फिती काढून बघितल्या. दोन्ही दुमडलेल्या. पेटी उलटी करून शिक्का वाचला: पंधरा वर्षांपूर्वीचा महिना, बाबांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातला. सिगारवरची पट्टी खरी, पेटी खरी, शिक्का खरा. हे मला आधीही दिसलं होतं, अकराही वेळा, आणि मी फॉर्मवर लिहिलं होतं की नक्कल करणारा हुशार आहे.

सातवा सिगार मी बाहेर काढला. प्रत्येक सिगारला एक तोंड असतं. पानाची सगळ्यांत गुळगुळीत बाजू, जिच्यावर शीर नाही. ती वर यायला हवी. मी डोळे मिटून बोटं फिरवली. तोंड वर होतं. बाकीच्या चोवीस सिगारांचंही होतं. पंचवीसच्या पंचवीस, बोटांनी लावलेले, एकही चूक नाही. फक्त रंग चुकलेला. तेव्हाही मला काही वाटलं नाही. मी मनात आकडेमोड करत होतो. अकरा पेट्या, पावणेतीनशे सिगार. एका पेटीला यंत्राचा दांडा तीनदा ओढावा लागतो. तेहतीस वेळा.

पेट्यांवरच्या शिक्क्याच्या त्या वर्षी एका सकाळी बाबा खिडकीशी उभे होते, दोन हातांत दोन मोजे. म्हणाले, बघ रे, हे एकाच रंगाचे आहेत का. मी सत्तावीस वर्षांचा होतो, या दुकानात लागून चार महिने झाले होते, घाईत होतो. मी म्हटलं, बाबा, तुम्ही मला विचारताय? ते हसले आणि मोजे घालून गेले. एक काळा होता, एक निळा. संध्याकाळी जेवताना मी ते सगळ्यांना सांगितलं. चाळीस प्रकारचा तपकिरी ओळखणारा माणूस दोन रंगांचे मोजे घालून कारखान्यात जाऊन आला म्हणून. आई हसली नाही. बाबा हसले, माझ्यापेक्षा मोठ्यानं. त्या वर्षी ते घरातून अर्धा तास लवकर निघायला लागले. खिडकीजवळचं टेबल मिळावं म्हणून, असं आईला म्हणायचे. मला वाटायचं, वय झालं की माणसाला झोप लागत नाही. मग एके दिवशी त्यांनी ठरल्या तारखेच्या दोन वर्षं आधी नोकरी सोडली. पुरे झालं, म्हणाले. मी वाद घातला होता, धडधाकट माणसानं घरी बसू नये वगैरे. आणखी दोन वर्षांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हा ते माझ्या शर्टाकडे बघत म्हणाले, हा निळा आहे होय. मग घरी येऊन मोरीतल्या बादलीकडे कितीतरी वेळ बघत उभे राहिले. तेव्हाही आम्ही हसलोच. आमच्या घरात हसणं फार.

आणि त्यांच्या टेबलावरून आलेली पेटी पुढं तपासत नसत. हे त्यांनीच एकदा अभिमानानं सांगितलं होतं. पंचवीस वर्षं ज्याच्या हातून रंग चुकला नाही, त्याची पेटी तपासणाऱ्यानं उघडायची नाही, सरळ झाकण ठोकायचं. तो तिथला मान होता. असा मान फक्त तिघांना होता.

सहा वर्षांपूर्वी, डॉक्टरांच्या त्या दोन पेट्या कापल्या त्या दिवशी, मी जेवताना बाबांना सगळं सांगितलं. कौतुकानंच सांगितलं, त्यांनी शिकवलेल्या नियमानं मी एक मोठी लबाडी पकडली होती. त्यांनी एडिशन कुठली ते विचारलं. कुठल्या वर्षाची ते विचारलं. मग विचारलं, डावीकडून कितवा? मी सांगितलं. ते घास चावत राहिले. काय केलंस त्या पेट्यांचं, म्हणाले. मी म्हटलं, कापल्या. ते पाणी प्यायले आणि म्हणाले, “बरोबर केलंस.” मग उठून स्वतःचं ताट स्वतः धुतलं. बाबा शाबासकी सहसा देत नसत, म्हणून ती मला पक्की आठवत होती. त्यानंतर त्या एडिशनच्या आणखी नऊ पेट्या आल्या, एकेक, दोनदोन करत. प्रत्येक वेळी घरी येऊन मी सांगायचो, बाबा, आज पुन्हा एक सापडली. ते मान हलवायचे.

मी मागच्या खोलीतून आईला फोन केला. बाबांना रंग दिसायचे बंद कधी झाले, असं विचारलं. आई म्हणाली, आता कशाला ते. मी म्हटलं, सांग ना. शेवटची दोन वर्षं, ती म्हणाली. पहिल्यांदा हिरवट आणि तांबूस यांतला फरक गेला, मग सगळंच पिवळट. ती मोज्यांना आतून दोरा घालून ठेवायची, काळ्याला पांढरा दोरा, निळ्याला काही नाही, म्हणजे हातानं कळावं.

“कधीपासून?” मी विचारलं.

“तू जेवताना हसलास ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.”

“मला सांगायचं होतंस.”

“त्यांनी शपथ घातली होती. तुझी नोकरी नवी. तुला तिथं घेतलं ते त्यांचा मुलगा म्हणून. म्हणाले, माझं नाव गेलं की त्याचंही जाईल. त्याचा जम बसेपर्यंत ओढतो कसंतरी.” मग ती म्हणाली, “डबा खाल्लास का?”

मी हो म्हटलं. खाल्ला नव्हता.

मालकांना सांगणं भाग होतं. ते सज्जन माणूस आहेत, रक्तदाबाच्या गोळ्या घेतात, आणि कुठलीही वाईट बातमी ऐकताना आधी दार लावून घेतात. त्यांनी दार लावलं. मी फिती दाखवल्या, शिक्का दाखवला, आईनं सांगितलं ते सांगितलं. त्यांनी दोन वेळा फीत बोटात धरून बघितली. मग हळू आवाजात, माझीच समजूत घालत असल्यासारखे बोलायला लागले. बाहेर बसलेला माणूस स्वतः होऊन कापा म्हणतोय. त्याला पैसे नकोत, पेट्या नकोत. कापल्या तर त्याचा जीव सुटतो. नाही कापल्या तर आधीच्या अकरा पेट्यांची गिऱ्हाइकं दारात उभी राहतात, गेल्या पंधरा वर्षांत मी दिलेलं प्रत्येक मत लोक उकरून काढतात, आणि दुकानाच्या पाटीवर माझ्याच डोळ्यांचा भरवसा लिहिलेला आहे. शिवाय एकतीस वर्षं चांगलं काम केलेल्या माणसाचं नाव, तो गेल्यावर तीन आठवड्यांत, चुकीबद्दल सगळ्यांच्या तोंडी येतं. “ते स्वतः म्हणाले ना तुम्हाला, बरोबर केलंस म्हणून?” मालक म्हणाले. “मग त्यांची इच्छा काय होती ते स्पष्टच आहे. कापा. दोन मिनिटांचं काम.”

त्यांचं एक वाक्यही चुकलेलं नव्हतं. मी पेट्या घेऊन यंत्रापाशी गेलो. पहिल्या पेटीतल्या वरच्या थरातले उरलेले बारा सिगार पात्याखाली आडवे ठेवले, दांड्याला हात लावला. बाबांनाही हेच हवं होतं. दर खेपेला त्यांनी मान हलवली होती. त्यांनी आपल्या चुका माझ्या हातानं एकेक करून पुसून घेतल्या होत्या, आणि आता शेवटच्या तीन उरल्या होत्या. हे काम मी पुरं केलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं, त्यांचा मान राहिला असता, माझी नोकरी राहिली असती, आणि डॉक्टर मोकळ्या मनानं मुलीकडे गेले असते. मी दांडा ओढला नाही. कुठला मोठा विचार मनात आला म्हणून नाही. सवयीनं मी स्वतःला विचारलं, हे ठेवण्याजोगे आहेत का? निदान तेवढं तरी बघावं. सातवा सिगार वेगळाच ठेवला होता. त्याचं टोक कापलं आणि पेटवला. पंधरा वर्षं मुरलेला, जाड, सुरुवातीला नक्की घशाला टोचत असणार असा. धूर छान दाट आला. राख पांढरी, घट्ट. मी डोळे मिटून वाट बघितली. गरम हवा आली आणि गरम हवा गेली. बाबांच्या हातून गेलेला सिगार चांगला होता की वाईट, ते मला कळलं नाही. हे एकच मत मला खरंखुरं द्यायचं होतं आणि तेच देता येईना. त्या क्षणी मात्र मला वाईट वाटलं. अगदी थोडं, बधिर गालाच्या कडेला मुंग्या याव्यात एवढं.

बाहेरून डॉक्टरांनी विचारलं, “झालं का?” नुसतं हो म्हणायचं होतं. मी बारा सिगार पेटीत परत लावले, सातव्याची जागा मोकळी ठेवली, आणि पेट्या घेऊन बाहेर गेलो.

“डॉक्टर, या खऱ्या आहेत,” मी म्हणालो. “त्या दोनही खऱ्या होत्या.”

“कशावरून?”

“माझ्या वडिलांनी लावलेल्या आहेत. त्यांना तेव्हा रंग दिसत नव्हते. मला आज कळलं.”

मालक काउंटरमागं उभे होते. त्यांनी गोळ्यांची डबी उघडली आणि परत मिटली. डॉक्टरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं ते रागावतील, किंवा मोठेपणानं जाऊ द्या म्हणतील. दोन्हींची मी तयारी केली होती. ते म्हणाले, या पाचही पेट्या मला कुणी दिल्या माहीत आहे? माझ्या दवाखान्यासमोरच्या केमिस्टनं. तीस वर्षांची मैत्री, दर गुरुवारी दुपारी बुद्धिबळ. त्यानं त्या स्वतःसाठी जमवल्या होत्या, माझ्या साठाव्या वाढदिवसाला घेतल्या त्या भावात मला दिल्या. तुम्ही नकली म्हणालात त्या दिवशी मी इथून सरळ त्याच्या दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला चोर म्हणालो. तो म्हणत होता, खऱ्या आहेत, अरे खऱ्या आहेत. मी म्हटलं, ज्याला कळतं त्यानं सांगितलंय. डॉक्टरांचा आवाज चढला नव्हता. दाताची मुळं कितपत खोल गेली आहेत ते पेशंटला समजावून सांगत असावेत तसा तो होता. सहा वर्षं आम्ही समोरासमोर दारं उघडतो आणि एकमेकांकडे बघत नाही, म्हणाले. माझे पेशंट गाल धरून दोन चौक लांबच्या केमिस्टकडे जातात. मी पाठवतो म्हणून.

मी म्हणालो, दुकानाच्या कागदावर लिहून देतो. सही, शिक्का, सगळं. “कागद नको,” ते म्हणाले. “तुम्ही चला.”

मालकांनी मला थांबवलं नाही. जेवायची सुट्टी होतीच, एवढंच म्हणाले, आणि मग दुसरीकडे बघायला लागले. रस्त्यावर ऊन होतं. डॉक्टर पुढं, मी मागं, पिशवी माझ्या हातात. वीस मिनिटं आम्ही चाललो. मी मनात वाक्य जुळवत होतो. त्या मालिकेत छटांच्या क्रमात काही दोष राहून गेला होता. नाही. उत्पादनाच्या काळात काही अपरिहार्य कारणानं. अशी वाक्यं मी रोज लिहितो. ती कुणाचीच नसतात म्हणून चांगली असतात. एका दवाखान्याच्या अर्ध्या उतरवलेल्या पाटीपाशी डॉक्टर थांबले. समोर औषधांचं दुकान होतं. त्यांना रस्ता ओलांडता येईना. गाड्या नव्हत्या. मीच त्यांच्या कोपराला हात लावला.

केमिस्ट काउंटरवर गोळ्या मोजत होता, पाच-पाचच्या ढिगांत, लहानशा पट्टीनं सरकवत. डॉक्टरांना त्यानं बघितलं आणि मोजणं थांबवलं नाही. पन्नास झाल्या, त्यानं त्या बाटलीत भरल्या, झाकण लावलं, आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, काय पाहिजे. डॉक्टर माझ्या मागं उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी पेट्या काउंटरवर ठेवल्या. जुळवलेलं वाक्य तोंडातून आलंच नाही. मी म्हणालो की सहा वर्षांपूर्वी या नकली आहेत असं मी सांगितलं होतं, ते चुकीचं होतं. या खऱ्या आहेत. तुम्ही कुणाला फसवलं नव्हतं. ज्या माणसानं यांचे रंग लावले त्याला मोतीबिंदू झाला होता, म्हणून रंग चुकले, आणि कारखान्यात कुणी तपासलं नाही.

केमिस्टनं एक पेटी उघडली. सातव्याच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. डॉक्टरांकडे त्यानं अजून बघितलं नव्हतं. रोज डोळ्यांचे थेंब, मलमं, गोळ्या विकणारा माणूस. त्याच्या मनात पहिला प्रश्न आला तो आजाराचाच.

“मोतीबिंदू काय एका दिवसात होतो?” तो म्हणाला. “वर्षं लागतात त्याला. कारखान्याचं सोडा. कपडे चुकतात, दिवा पुरत नाही म्हणून माणूस खिडकीत जाऊन बसतो, घरच्यांच्या आधी लक्षात येतं. त्याच्या घरी कुणीच नव्हतं का?”

“मी होतो,” मी म्हणालो.